जिंकू दिलेला डाव

माणसाला हरायला आवडत नाही, हे सांगायला तत्त्वज्ञ लागत नाही. पण कोणी मुद्दाम जिंकू दिले तर तेही त्याला सोसत नाही, ही गोष्ट मला वयाच्या सेहेचाळिसाव्या वर्षी कळली, आणि तीही दिवाळीच्या पहिल्या अंघोळीनंतर, फराळाच्या ताटाशेजारी बसून. त्या सकाळी मी माझ्या मुलाला एका खेळात हरवले. त्या विजयाची टोचणी अजून गेलेली नाही.

खेळ म्हणजे पडद्यावरची मारामारी. नाव ‘स्ट्रीट फायटर’. जपानच्या कॅपकॉम कंपनीने त्याचा दुसरा भाग 1991 साली काढला आणि तो जगभर पसरला. आमच्या गावातही एसटी स्टँडमागच्या व्हिडिओ पार्लरमध्ये त्याचे एक खोके आले होते. खाऊचा रुपया त्यात टाकताना वडिलांनी मला एकदा पकडले, आणि कानाला धरून घरी आणले. पुढे मी मॅट्रिक झालो, चित्रकला शिक्षकाची पदविका घेतली, शाळेत नोकरीला लागलो, चार कादंबऱ्या लिहिल्या. तो खेळ मी विसरलो होतो. पण पोरांच्या पिढीत तो पुन्हा घरात शिरला. 2023 साली आलेला सहावा भाग माझा अकरावीतला मुलगा खेळत बसतो. मीही वडिलांचाच वारसा चालवीत एके दिवशी त्याला म्हणालो, “यात कसलं आलंय कौशल्य? नुसती बोटं नाचवायची!”

तो शांतपणे म्हणाला, “बाबा, मग एकदा जिंकून दाखवा ना.”

मी बसलो आणि हरलो. पुन्हा बसलो, पुन्हा हरलो. वीसेक डाव झाल्यावर मोजणे सोडले. नाचता येईना अंगण वाकडे, या म्हणीचा अर्थ मी वर्गात कितीदा तरी सांगितला असेल. त्या आठवड्यात तो स्वतः जगलो. आधी हातातल्या यंत्राची बटणे वाईट ठरली, मग चष्म्याचा नंबर, आणि शेवटी वय. वयाची सबब मुलाने फार दिवस टिकू दिली नाही. 2023 साली हांगझोऊच्या आशियाई क्रीडा स्पर्धेत या खेळाला प्रथमच पदक होते, आणि सुवर्णपदक दक्षिण कोरियाच्या किम ग्वान-वूने मिळवले. तेव्हा तो चव्वेचाळीस वर्षांचा होता, म्हणजे जवळजवळ माझ्याच वयाचा.

मग मी चलाखी केली. एकातून दुसरा, दुसऱ्यातून तिसरा असे फटक्यांचे एक लांबलचक आवर्तन रात्री जागून पाठ केले. एकट्याने सराव करताना ते सुरेख जमे. समोर मुलगा आला की त्यातला पहिला फटकाच लागेना! पी हळद नि हो गोरी, यातला प्रकार. शेवटी त्यालाच विचारले, “अरे, माझं चुकतं कुठं?”

“बाबा,” तो म्हणाला, “तुम्ही उड्या फार मारता.”

मला हसू आले. पण ते उत्तर जितके साधे होते तितकेच खोल निघाले. या खेळात एका सेकंदात साठ चित्रे सरकतात. एका उडीला पाऊण सेकंदाच्या आसपास वेळ लागतो. एकदा पाय जमिनीवरून सुटले की दिशा बदलता येत नाही आणि सहसा अंगावर येणारा फटकाही अडवता येत नाही. समोरच्याने ती उडी वेळेत पाहिली, तर खाली उभ्या उभ्या तो वरच्या दिशेने ठोसा लगावतो आणि आपण भुईवर येतो. मग नवशिका उडी मारतो का? समोरासमोर, पावलापावलाने जवळ जाण्याचा धीर त्याच्यापाशी नसतो म्हणून. मधले अंतर त्याला नकोसे होते आणि ते एका झेपेत संपवावेसे वाटते. उडी म्हणजे डोळे मिटून केलेली आशा!

गणपती नुकतेच गेले होते. मुलाने मला नेम घालून दिला: पंधरा दिवस उडी नाही, पाठ केलेले आवर्तन नाही. फक्त पुढे चालायचे, मागे सरायचे, अडवायचे, आणि एकच साधी लाथ वापरायची. जुन्या तालमीत वस्ताद नव्या पोराला डाव दाखवत नसे. आधी जोर, बैठका आणि पवित्रा. गायकाकडे गेलेला शिष्यही महिनेच्या महिने नुसता षड्ज लावीत बसे. हे सगळे मला तोंडपाठ होते. अंगाशी आले तेव्हा मात्र दुसऱ्या दिवशीच कंटाळलो.

पण हळूहळू डोळा उघडला. समोरच्याची लाथ नेमकी कुठवर पोहोचते हे दिसू लागले. तिच्या टप्प्याच्या बोटभर बाहेर उभे राहायचे, ती रिकामी जाऊ द्यायची, आणि तो पाय आखडून घेण्याच्या आत आपली लाथ मारायची. तो उडाला की गोंधळायचे नाही. त्याच एका क्षणाची वाट पाहत असल्यासारखा ठोसा द्यायचा. खेळाचा पाया एवढाच. पाहायला त्यात काही नाही; करायला त्यात सगळे आहे.

या खेळातला सर्वांत गाजलेला क्षणही मला मुलानेच दाखवला. साल 2004, स्थळ कॅलिफोर्निया. जपानचा दाइगो उमेहारा अमेरिकेच्या जस्टिन वाँगशी खेळत होता. दाइगोच्या खेळाडूत केसाएवढा जीव उरलेला. वाँगच्या चुन-लीने पंधरा लाथांची माळ सोडली. साधे अडवले असते तरी तो संपला असता, इतकी कमी शक्ती शिल्लक होती. प्रत्येक लाथ लागायच्या नेमक्या क्षणी पुढे सरून ती परतवणे, एवढा एकच मार्ग होता. त्याने पंधराच्या पंधरा परतवल्या आणि तो डाव जिंकला. लोक खुर्च्यांवरून उठून ओरडत होते. पण नीट पाहिले तर त्या चमत्कारात एकच लहानशी हालचाल पंधरा वेळा आहे. आणि लोक जे विसरतात तेही सांगायला हवे: ती स्पर्धा दाइगोने जिंकली नाही, अंतिम सामन्यात तो हरला. पुढे काही काळ खेळ सोडून त्याने वृद्धांच्या शुश्रूषेचे काम केले, परत आला, आणि 2009 व 2010 साली तीच स्पर्धा जिंकला. पाया पक्का असला म्हणजे माणूस हरत नाही, असे नव्हे. हरून परतण्याजोगी जागा त्याला उरते.

या अभ्यासाला मी नैतिक का म्हणतो, तेही सांगतो. क्रिकेटमध्ये हरलो तर दहा सोबती असतात, पंच असतो, खेळपट्टी असते. इथे समोर एक माणूस आणि इकडे आपण. प्रत्येक फटक्याचे कारण पडद्यावर उघडे असते. ‘मी उडालो म्हणून मार खाल्ला’ हे वाक्य मनातल्या मनात, कुणावर न रागावता, शंभर वेळा म्हणता आले की सुधारणा सुरू होते. बोटे त्यानंतर शिकतात. आधी खोटे बोलणे थांबवावे लागते, आणि तेही स्वतःशी.

आता दिवाळीची सकाळ. अंघोळी झाल्या, चकल्या समोर होत्या, घरातली मंडळी भोवती बसली होती. आम्ही खेळायला बसलो आणि मी जिंकलो! बायकोने टाळ्या वाजवल्या. भाची म्हणाली, “मामा, पार्टी!” मी हसलो, पण आत काहीतरी खटकले. शेवटच्या फेरीत मी घाईला येऊन चार वेळा उडी मारली होती, आणि चारही वेळा मला कोणी खाली पाडले नव्हते. झोपेतही माझी उडी पाडणारा मुलगा नुसता उभा होता. दोन महिन्यांपूर्वी हे माझ्या ध्यानातही आले नसते. जे शिकलो त्यानेच माझा विजय माझ्या हातून काढून घेतला.

दुपारी त्याला गच्चीवर गाठले. “मुद्दाम हरलास?”

तो कठड्याकडे पाहत म्हणाला, “सगळे बघत होते, बाबा. तुम्ही दोन महिने झटताय. मला तुमचा चेहरा बघवेना.”

मला राग आला होता. पण या उत्तरावर रागवायचे कसे? त्यात लबाडी नव्हती, माया होती. मी मुकाट्याने खाली आलो. रात्री झोप लागेना तेव्हा एक जुना विद्यार्थी आठवला.

पंधरा-सोळा वर्षे झाली. मुलगा गरीब घरचा, हौशी, पण हात कच्चा. आंतरशालेय स्पर्धेसाठी त्याने चित्र काढले. त्यातल्या माठाचे तोंड वाकडे झाले होते. मी त्याच्या हातातली पेन्सिल घेतली, लंबवर्तुळ नीट केले, सावली दिली, मागची खिडकीही सरळ केली. त्याला बक्षीस मिळाले. आई पेढे घेऊन आली, आणि ते मी खाल्ले. पुढे इंटरमीजिएटच्या परीक्षेत त्याच्यापुढे भांडी ठेवली, तेव्हा त्याला माठाचे तोंड काढता आले नाही. तो नापास झाला. निकालाच्या दिवशी माझ्यावर अजिबात न रागावता तो म्हणाला, “सर, तुम्ही हात लावला असता तर जमलं असतं.” त्यानंतर तो चित्रकलेच्या वर्गात आला नाही. मी तेव्हा स्वतःला दयाळू समजत होतो.

मग कुणालाच कधी जिंकू देऊ नये काय? तसे मी म्हणणार नाही. आजोबा चार वर्षांच्या नातवाशी पत्ते खेळताना हरतात, त्यात पाप नाही. नातवाला खेळाची गोडी लागावी, एवढाच त्यातला हेतू; त्याने आजोबांना ‘मला शिकवा’ म्हटलेले नसते. पण एखाद्याने आपल्याकडे शिकायला बसून ‘माझं चुकतं कुठं?’ असे विचारले, की त्याने खरे ऐकण्याचा हक्क आपल्यापाशी ठेव म्हणून ठेवलेला असतो. ती ठेव मायेपोटी मोडली तरी ती मोडलीच. दुबळ्याला सवलत जरूर द्यावी, पण ती सांगून द्यावी. मुलगा म्हणाला असता, ‘बाबा, आज मी लाथ वापरणार नाही,’ तर ती सवलत झाली असती आणि माझा विजय लहान का होईना, माझा राहिला असता. चोरून दिलेली सवलत घेणाऱ्याचा निकालही चोरते आणि चूकही. आणि चूक हे तर शिकणाऱ्याचे एकुलते एक भांडवल!

हे मला मान्य आहे. तरी मनाला एक शंका उरतेच. त्या सकाळी माझा मुलगा मला सडकून हरवता, तर मी हसून चकली खाल्ली असती का? कदाचित तोंड पाडून बसलो असतो, आणि सणाचा विरस झाला असता. म्हणजे खोटे बोलायला त्याला मीच भाग पाडले. ज्याला हरता येत नाही, त्याच्या भोवतीची माणसे हळूहळू खोटी होत जातात. घरातल्या बापाने आणि वर्गातल्या मास्तराने हे विशेष ध्यानात ठेवावे.

दुसऱ्या दिवशी मीच त्याला बोलावले. “आज सोडायचं नाही,” म्हटले. त्याने सोडले नाही. मी दोन्ही फेऱ्या हरलो. दुसऱ्या फेरीत मात्र तो एकदा उडाला आणि मी त्याला खाली पाडले. तो इतक्या मोठ्याने हसला की बायको स्वयंपाकघरातून बाहेर आली.

त्या विद्यार्थ्याला आता मी शोधू शकलो, तरी काय देणार? पण जूनपासून वर्गात पोरांच्या कागदाला हात लावत नाही. शेजारी माझा कागद घेतो, त्यावर काढून दाखवतो, आणि ‘आता तू काढ’ म्हणतो. यंदा आमच्या वर्गातल्या बऱ्याच माठांची तोंडे वाकडी आहेत. प्रदर्शनाला आलेल्या पालकांपैकी एकांनी तसे बोलूनही दाखवले. मी म्हटले, “हो, अजून वाकडी आहेत.”