खार आणि झाकण

चैत्र सरून वैशाखाचे ऊन अंगणात ठाण मांडून बसले, की आमच्या घरी जाड सालीच्या, पोपटी रंगाच्या, करंगळीहून चांगल्या लांब अशा मिरच्यांची पाटी येई. आणि आत्या ती ओसरीवर पालथी करून, देठ शाबूत असलेल्या मिरच्या एका बाजूस व देठ तुटलेल्या दुसऱ्या बाजूस अशी त्यांची वाटणी करू लागे. देठ तुटलेली मिरची ठेच्याला जाई. भरण्याला ती कधीही चालत नसे. उरलेल्या मिरच्या धुऊन, फडक्यावर पसरून, एकेक कोरडी पुसून, देठाखाली पेरभर जागा सोडून टोकाच्या किंचित अलीकडपर्यंत त्यांना उभी चीर द्यायची, आणि त्या चिरेतून मीठ, मोहरीची डाळ, तळून कुटलेली मेथी, हळद व हिंग यांचे लिंबाच्या रसात कालवलेले सारण बोटाने दाबून बसवायचे, हे काम दोन दोन प्रहर चाले. यांतल्या काही मिरच्या चिनी मातीच्या बरणीत मुरायला जात. दुसऱ्या काहींत धन्याजिऱ्याचे सारण भरून त्या दह्यात बुडवल्या जात. दिवसा ऊन आणि रात्री पुन्हा तेच दही, असे ते दही सारे त्यांच्या अंगात जिरेपर्यंत चाले, आणि मग कडकडीत वाळलेल्या त्या सांडग्या मिरच्या डब्यात जाऊन बसत. बरणीच्या तोंडाला दादरा बांधून झाला म्हणजे आत्या हात धुऊन म्हणे, "झाली बाबा बेगमी."

हा बेगमी शब्द मला फार अर्थपूर्ण वाटतो. तो फारसी वळणाचा, दप्तराच्या भाषेतून आलेला, आणि निर्धास्तपणाचा भाव पोटात बाळगणारा आहे. जिन्नस, तजवीज, शिल्लक हे त्याचे सोबतीही कारकुनांच्या लेखणीतून उतरून स्वयंपाकघराच्या उंबऱ्याआत आले, आणि तेथे इतके रुळले, की ते मूळचे सरकारी आहेत याची आठवणही आता कोणास होत नाही. शिवछत्रपतींनी १६७३ साली चिपळूणजवळच्या छावणीतील आपल्या जुमलेदार-कारकुनांना जे पत्र धाडले, त्यात दाणावैरण आताच बेपर्वाईने उधळली तर ऐन पावसाळ्यात काय कराल, असा जो प्रश्न आहे, तो कोणत्याही कर्त्या गृहिणीने ज्येष्ठाच्या तोंडावर घरच्या माणसांना विचारावा असाच आहे; आणि पेटत्या दिव्याची वात उंदीर ओढून नेईल व गवताच्या गंजीला आग लागेल, इतक्या बारकाईची जी सूचना त्यात आहे, तिच्या पंक्तीला 'ओला हात बरणीत घालू नका' ही आत्याची ताकीद बसवण्यात मला काही अनुचित वाटत नाही. राज्य असो की घर, पुढच्या चार महिन्यांचा विचार आज करणे ही एकाच जातीची बुद्धी आहे. पहिलीचा इतिहास आपण लिहिला. दुसरीचा लिहिला नाही, ही मोठी उणीव होय.

मिरची ही आपल्याकडे पाहुणी म्हणून आली, हेही येथे ध्यानात घ्यावे लागते. तिचे माहेर मेक्सिको आणि त्याच्या दक्षिणेकडील मुलूख; सोळाव्या शतकात पोर्तुगिजांच्या गलबतांतून ती पश्चिम किनाऱ्यास लागली, आणि नावही तिने येथल्या जुन्या रहिवाशाचे, म्हणजे संस्कृत मरिचाचे, आपल्या मिऱ्याचे, घेतले. ती येण्यापूर्वी आपल्या पाकशाळेतील तिखटाचा अधिकार मिरी, आले आणि मोहरी यांच्याकडे होता. म्हणजे भरल्या मिरचीत मिरची तेवढी नवी. तिच्या पोटात जे जाते ते मीठ, ती मोहरी, ती मेथी, तो हिंग, आणि वाळवण्या-मुरवण्याची ती सारी रीत तिच्याआधी कित्येक शतके या घरात नांदत होती. नव्या पाहुणीला घराने आपल्या जुन्या शिरस्त्यात सामावून घेतले, इतकेच. गोव्यात तर याच्या उलट प्रकार घडला: तेथे तांबडी मिरची सिरक्यात वाटून तिचेच सारण बांगड्याच्या पोटात भरतात, आणि त्या मसाल्याचे रेशाद हे नाव पोर्तुगीज भाषेतील 'भरलेले' या अर्थाच्या शब्दावरून पडले आहे.

साठवणीच्या पदार्थांची नावे देशोदेशी कशावरून पडली हे पाहिले, तर कोणी कशावर भरवसा ठेवला ते कळते. मेक्सिकोत व्हेराक्रूझ प्रांतातल्या हालापा शहरावरून ज्यांना हालापेन्यो म्हणतात, त्या मिरच्या सिरक्यात मुरवून ठेवतात. त्या रीतीचे एस्काबेचे हे स्पॅनिश नाव अरबीतल्या सिकबाज या शब्दामार्गे फारसी सिरक्यापर्यंत जाऊन पोहोचते. म्हणजे तेथला भरवसा आंबटावर. हिंदीने आचार हा फारसी शब्द घेतला. मराठीने मात्र लवणापासून लोण आणि लोणापासून लोणचे असा आपला शब्द घडवला, आणि पदार्थ टिकतो तो मिठाच्या जोरावर, हे त्या नावातच नोंदवून ठेवले.

आता त्या चिरेकडे वळतो, कारण माझ्या विचाराचा आरंभ तिच्यापासून झाला. मिरचीची साल गुळगुळीत, मेणचट असते आणि आत पोकळी. अखंड मिरची खारात टाकली तर ती तरंगते. बाहेर खार आणि आत हवा, असे दोन स्वतंत्र प्रदेश निर्माण होतात, आणि बाहेरच्या मिठाचा व आंबटाचा अंमल आतल्या प्रदेशावर वेळेत बसत नाही. चीर दिल्याने ही हद्द मोडते. सारण भरल्याने तर मीठ मिरचीच्या अंतर्भागातच मुक्कामाला जाते आणि तेथून तिचे पाणी ओढू लागते. दोनतीन दिवसांत बरणीत जो खार सुटलेला दिसतो तो बहुतांशी मिरचीच्या स्वतःच्या पाण्याचा असतो. परदेशांत घरगुती साठवणीच्या ज्या शास्त्रशुद्ध सूचना छापल्या जातात, त्यांतही अख्ख्या मिरच्या सिरक्यात घालण्यापूर्वी त्यांना चिरा पाडाव्यात असा स्पष्ट दंडक असतो. आमची आत्या मराठी चौथीपर्यंत शिकली होती, आणि हा दंडक ती तंतोतंत पाळीत होती.

मोहरीचेही असेच. मोहरीचा झणका दाण्यात तयार स्थितीत नसतो. दाणा भरडून त्याला ओल लागली, म्हणजे त्यातली दोन निरनिराळी द्रव्ये एकमेकांस भेटतात आणि तो उत्पन्न होतो, मोहरी चढते ती अशी. ही भेट घडवून आणणारे द्रव्य उष्णतेने निकामी होते, आणि तो झणका तर बुरशी व जंतू यांना आवरणारा. म्हणून फोडणी पूर्ण निवल्याशिवाय लोणच्यावर ओतायची नाही, असा घरोघरचा नियम. आत्याला कारण विचारले तर ती म्हणे, "गरम ओतली तर मोहरी मरते रे." याहून नेमके उत्तर मला पुढे कोणत्याही पुस्तकात सापडले नाही.

हे सगळे एका तत्त्वावर उभे आहे. वाळवणे असो वा मुरवणे असो, त्यात रक्षणाची व्यवस्था पदार्थाच्या आत केलेली असते. सांडग्या मिरचीतून पाणीच काढून घेतले जाते. लोणच्यात पाणी राहते, पण ते इतके खारट आणि इतके आंबट, की शत्रूला तेथे तग धरता येत नाही. दादरा हा निव्वळ फडक्याचा तुकडा. तो धूळ आणि माशी अडवतो, त्याच्याकडून याहून अधिक कोणी अपेक्षिलेले नाही. बरणीवर पहारा बसवण्याची गरज नव्हती, कारण आतली रयतच सशस्त्र होती.

याहून सर्वस्वी निराळे तत्त्व युरोपात निकोला आपेर या फ्रेंच मिठाईवाल्याने सिद्ध केले. काचेच्या बाटलीत अन्न भरावे, बूच घट्ट बसवावे आणि बाटली उकळत्या पाण्यात बराच काळ ठेवावी, म्हणजे अन्न महिनोन्महिने टिकते, हे त्याने वर्षानुवर्षांच्या प्रयोगांनी दाखवले, आणि १८१० साली फ्रेंच सरकारने त्याला १२,००० फ्रँकचे पारितोषिक दिले. असे का घडते ते त्याला ठाऊक नव्हते. ते उलगडून सांगणाऱ्या पाश्चरचा जन्मच मुळी १८२२ चा. पुढे १८५८ साली अमेरिकेत जॉन मेसन याने आट्यांच्या झाकणाच्या बरणीचे पेटंट घेतले आणि आपेरची विद्या सामान्य गृहिणीच्या हाती आली. या रीतीत रक्षण आहे ते भिंतीचे. आतले सारे जंतू उष्णतेने मारायचे आणि बाहेरच्यांस झाकणाने मज्जाव करायचा. ती उष्णता पुरेशी असली, म्हणजे मग आत मीठ कमी असले, आंबट मुळीच नसले, तरी चालते. या विद्येने दूरच्या जहाजांवर आणि बर्फाळ मुलखांत माणसे जगवली आहेत. तिला कमी लेखण्याचा माझा हेतू नाही.

हेतू आहे तो दोन विद्यांच्या सरमिसळीबद्दल सावध करण्याचा, आणि ते मी स्वानुभवाने सांगतो. काही वर्षांपूर्वी, घरात मीठ कमी करण्याचा वैद्यकीय सल्ला मिळालेला आणि मुलांना आंबट नको असलेले, अशा स्थितीत आम्ही आत्याच्याच कृतीने मिरच्या भरल्या. मीठ निम्मे घातले, लिंबाचा रस पाव केला, काचेच्या रबरी कड्याच्या बरणीत त्या रचून वर तेल ओतले, बरणी पंधरा मिनिटे उकळत्या पाण्यात ठेवली, आणि झाकण घट्ट बसले या समाधानात ती फडताळात ठेवून दिली. तीन आठवड्यांनी झाकण मध्यभागी किंचित उचललेले दिसले. उघडताना फुस्स असा आवाज झाला. वास मात्र विशेष बिघडलेला नव्हता. आम्ही ती न चाखता टाकून दिली, आणि काय चुकले याचा शोध घेऊ लागल्यावर मला जे समजले, त्याने माझी पुढची एक रात्र झोपेवाचून गेली.

मातीत सर्वत्र आढळणारा एक जंतू आहे, क्लॉस्ट्रिडियम बोट्युलिनम. एमिल व्हान एर्मेंगेम या बेल्जियन शास्त्रज्ञाने १८९७ साली त्याची ओळख पटवली. हवा असेल तेथे तो वाढत नाही. हवा कोंडली, ओल असली आणि आंबट कमी पडले, म्हणजे तो जागा होतो आणि जगातील अत्यंत जहाल विषांपैकी एक निर्माण करतो. त्याने दृष्टी दुहेरी होते, गिळणे अवघड होते, आणि शेवटी श्वासाचे स्नायू लुळे पडतात. त्याची बीजे उकळत्या पाण्यात मरत नाहीत. त्यांना १२१ अंशांची, म्हणजे दाबाखालच्या वाफेची उष्णता लागते. महाबळेश्वरासारख्या उंचीवर तर पाणी शंभर अंशांच्या चारएक अंश आधीच उकळू लागते. मात्र आम्लतेचे माप (पीएच, जे जितके खाली तितके आंबट अधिक) ४.६ किंवा त्याखाली असेल तर ही बीजे रुजत नाहीत, आणि मीठ दहा टक्क्यांवर गेले तरीही रुजत नाहीत. ताज्या मिरचीचे माप या रेषेच्या वर असते. लिंबाच्या रसाचे पुष्कळ खाली. तेल हवा अडवते, विष अडवत नाही. १९७७ साली अमेरिकेतील मिशिगन राज्यात, पाँटिॲक येथील एका उपाहारगृहात, घरगुती रीतीने डबाबंद केलेल्या मिरच्यांतून ५९ माणसांना ही विषबाधा झाली. त्या मिरच्या पुरेशा तापवलेल्या नव्हत्या.

आम्ही आत्याचा खार पातळ केला आणि आपेरचे झाकण अर्धवट शिकून लावले. आतले शस्त्र काढून घेतले, आणि भिंत तर पुरती बांधलीच नाही. दादऱ्याच्या बरणीत ज्या चुकीने फार तर वर बुरशी धरली असती आणि ती डोळ्यांना दिसली असती, ती चूक बंद झाकणाखाली अदृश्य झाली.

दोष कृतीचा नव्हता. कृती आमच्याकडे अचूक आली, कारण मात्र आले नाही. आणि कारणाशिवाय आलेली कृती बदलायची वेळ येते, तेव्हा त्यातले काय बदलता येईल आणि काय नाही, हे ठरवण्यास आपल्याकडे आधार उरत नाही. लिंबू चवीपुरते आहे असे आम्ही समजलो, आणि ते तर बरणीचे किल्लेदार होते. आत्या गेली त्याला आता बरीच वर्षे झाली. तिच्या मापांची एक वही माझ्या बहिणीपाशी आहे. तीत 'मिरची शेर, मीठ पावशेर, लिंबे वीस' अशा नोंदी आहेत, आणि एकाही नोंदीपुढे का हा शब्द नाही. जिने लिहायचे तिला मोहरी सोडून बाकी कशाबद्दलही तो कोणी विचारला नाही, आणि आम्ही विचारला तेव्हा सांगणारी उरली नव्हती. घराघरांतल्या वृद्ध स्त्रियांकडून मापे उतरून घेण्याची हौस अलीकडे बरीच वाढली आहे, तिचे मी स्वागत करतो. परंतु प्रत्येक मापापुढे, हे कमी केले तर काय होते, असे विचारून त्यांचे उत्तर त्यांच्याच शब्दांत लिहून घ्यावे, अशी माझी कळकळीची विनंती आहे. "मोहरी मरते" यासारखी उत्तरे मिळतील, आणि ती पुढच्या दोन पिढ्यांना पुरतील.

यंदा वैशाखात मिरच्या भरायला बसाल, तेव्हा प्रत्येक मिरचीला चीर देठाखालून टोकाच्या किंचित अलीकडपर्यंत जाऊ द्या, आणि खार मिरच्यांच्या वर बोटभर उभा राहील इतका लिंबाचा रस घाला. कमी मिठाची, कमी आंबटाची मिरची हवीच असेल तर ती थोडी करा, शीतकपाटात ठेवा आणि आठवड्याभरात संपवा. तिला वर्षाची मुदत देऊ नका.