हशातला प्रेक्षकाचा वाटा

स्टँड-अप कॉमेडीत मंचावर एकच माणूस असतो, म्हणून ती एकट्याची कला आहे असे वाटणे साहजिक आहे. माझे म्हणणे उलट आहे. समोरचा प्रेक्षक विनोद नुसता ऐकत नाही, तो पुरा करतो. ही जाणीव विचारवंतांच्या लेखनात फार हळूहळू उतरली. भरताच्या नाट्यशास्त्रात प्रयोगाच्या सिद्धीचा स्वतंत्र विचार आहे. प्रेक्षकांचे स्मित, अर्धे हसू, मोठ्याने हसणे, ‘साधु’सारखे उद्गार, अंगावरचे रोमांच ही मानुषी सिद्धीची लक्षणे; प्रेक्षागृह गच्च भरलेले असूनही कुठे आवाज नाही, ही दैवी सिद्धी. प्रेक्षकाकडे इतक्या बारकाईने पाहूनही भरत त्याला परीक्षकाच्या जागी बसवतो: प्रयोग नटांचा, पावती प्रेक्षकांची. युरोपात हॉब्जने 1651 मध्ये हसण्याचे मूळ दुसऱ्याचे उणे पाहून स्वतःविषयी अचानक वाटणाऱ्या मोठेपणात शोधले. तिथे शेजारी बसून हसणाऱ्याचा प्रश्नच येत नाही. वळण आले ते विसाव्या शतकाच्या तोंडावर. हसणे नेहमी एखाद्या गटाचे असते, त्याला प्रतिध्वनी लागतो, असे बर्गसाँने 1900 मध्ये मांडले. पाच वर्षांनी फ्रॉइडने दाखवले की बोचऱ्या विनोदाला सांगणारा आणि ज्याच्यावर तो होतो तो, एवढे दोघे पुरत नाहीत. ऐकणारा तिसरा लागतो आणि विनोदाचा हेतू त्याच्या ठायी साधतो.

मंचावर उभे राहणाऱ्यांना हे पुस्तकांतून शिकावे लागले नाही. ‘विच्छा माझी पुरी करा’ या लोकनाट्याची संहिता वसंत सबनिसांची, पण दादा कोंडके समोरचे लोक आणि ताज्या घडामोडी पाहून आयत्या वेळी भर घालत आणि प्रयोग बदलत जाई. 1953 मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या ‘हंग्री आय’ या नाइटक्लबमध्ये कॉमेडियन मॉर्ट साल हातात वर्तमानपत्र घेऊन उभा राहिला आणि सुट्या चुटक्यांऐवजी राजकारणावर गप्पा मारल्यासारखा बोलू लागला. आजच्या स्टँड-अपची चाल बरीचशी तिथली आहे. गप्पा म्हटले की समोरच्याचे ऐकणे आले. ओपन माइकला कच्चे मटेरियल घेऊन जाणारा कॉमेडियन खरे तर तेच करत असतो. कुठे हशा फुटला, कुठे नुसते हसू आले, कुठे सगळे थंड राहिले, हे पाहून तो शब्द छाटतो, वाक्याचा क्रम फिरवतो. हशा पुरता विरायच्या आत पुढचे वाक्य टाकायचे, पण तो भरात असताना नाही, ही वेळ कागदावर लिहिता येत नाही. सुरुवातीचा संदर्भ शेवटाकडे ‘कॉलबॅक’ होऊन परतला की लोक त्या तासाभरात तयार झालेल्या सामाईक आठवणीला हसतात. उशिरा आलेल्याला त्यात काय हसण्यासारखे होते ते कळत नाही. मराठीत स्टँड-अप रुजवायला भाडिपा या यूट्यूब वाहिनीने हातभार लावला. ‘पुणेकर’ एवढे म्हटल्यावरच सभागृहात खसखस पिकते, कारण पुढचे अर्धे वाक्य प्रेक्षक घरूनच घेऊन आलेला असतो.

विनोद प्रेक्षकाशिवाय पुरा होत नाही, याचा सर्वांत सबळ पुरावा न्यायालयातून मिळतो. 1964 मध्ये न्यूयॉर्कला कॉमेडियन लेनी ब्रूसवर अश्लीलतेचा खटला चालला. त्याचा कार्यक्रम पाहून टिपणे काढलेल्या परवाना निरीक्षकाने त्यांच्या आधारे साक्ष दिली. आपला कार्यक्रम हा माणूस वाईट तऱ्हेने सादर करतो आणि शिक्षा मात्र आपल्याला होणार, अशी ब्रूसची तक्रार होती. तक्रार रास्त होती. वाक्ये त्याचीच असतील, पण त्यांना अर्थ देणारी खोली आणि तिथली माणसे वगळली गेली होती. तो दोषी ठरला, 1966 मध्ये वारला आणि माफी मिळाली ती 2003 मध्ये. आज एखादी तीस सेकंदांची क्लिप फिरते तेव्हा हेच घडते. त्या खोलीत नसलेल्याला राग येऊ नये असे नाही. पण निवाडा करण्याआधी पूर्ण कार्यक्रम पाहण्याचे कष्ट त्याने घ्यायलाच हवेत.

माणूस मोबाइलवर एकटा पाहूनही हसतो, मग गट कशाला हवा, असे कोणी विचारेल. पण त्या चित्रफितीतही सभागृहाचा हशा जपून ठेवलेला असतो. दूरचित्रवाणीच्या मालिकांना तर ध्वनिमुद्रित हशा मुद्दाम जोडावा लागला. अधिक गंभीर आक्षेप वेगळा आहे: प्रेक्षक भागीदार असेल, तर कॉमेडियन बहुसंख्यांच्या आवडीचा आणि पूर्वग्रहांचा गुलाम होणार. धोका खरा आहे. दुबळ्यांवर हमखास हशा वसूल करणारे विनोद याच वाटेने येतात आणि त्यांत हसणाऱ्यांचाही दोष असतो. तरीही भागीदार म्हणजे मालक नव्हे. कॉमेडियन हॅना गॅड्स्बीने ‘नॅनेट’ या कार्यक्रमात विनोद कसा ताण निर्माण करतो आणि मग सोडवतो हे प्रेक्षकांना उलगडून सांगितले आणि नंतर तो ताण सोडवायला नकार दिला. आधी हसवलेला प्रसंग पुन्हा सांगताना त्यातली मारहाण तिने वगळली नाही. काही वेळापूर्वी त्याच प्रसंगावर हसलेल्या लोकांसमोर ती हे बोलत होती, आणि त्या हशाचा वाटा आता त्यांच्याकडेही होता.