गाडीची पहिली पूजा

आजच्या चिंतनाला भगवद्गीतेच्या अठराव्या अध्यायातले तीन श्लोक घेतले आहेत, २३ ते २५. भगवंत इथे कर्माचे तीन प्रकार सांगतात: सात्त्विक, राजस आणि तामस. गंमत अशी, की तिन्ही प्रकारांत काम तेच असू शकतं. बाहेरून बघणाऱ्याला फरक दिसेलच असं नाही. तो करणाऱ्याच्या मनात असतो, आणि मनातून कधी ना कधी कामात उतरतो.

हे नीट कळावं म्हणून एक अगदी साधं काम समोर ठेवू या. नवी मोटारसायकल कारखान्यातून शोरूमला पोचते आणि हार घालून आपल्या हातात येते. या दोन्हींच्या मध्ये शोरूमच्या मागच्या शेडमध्ये एक काम होतं, त्याला तिथली माणसं 'पीडीआय' म्हणतात. गाडी ताब्यात देण्याआधीची जोडणी आणि तपासणी. आपल्यातल्या बहुतेकांनी ते कधी पाहिलेलं नसतं.

गाडी ट्रकमधून येते. प्रवासात हलू नये म्हणून पट्ट्यांनी आवळून बांधलेली, पुढचे शॉकअप दाबलेले. आरसे काढून ठेवलेले असतात, बॅटरी जोडलेली नसते, टाकीत पेट्रोल जेमतेम. चाकणसारख्या ठिकाणाहून परदेशी जाणारी गाडी पेटीत भरतात, तेव्हा तर पुष्कळदा पुढचं चाक आणि हँडलसुद्धा सुटं केलेलं असतं. ते सगळं तिकडचा मेकॅनिक बसवतो.

मग काम सुरू होतं. इंजिन नंबर आणि चासी नंबर कागदांशी ताडून बघायचे. बॅटरी पूर्ण चार्ज करायची आणि मगच बसवायची. जोडताना आधी पॉझिटिव्ह, मग निगेटिव्ह. उलट केलं आणि पॉझिटिव्ह आवळताना पाना चासीला लागला तर ठिणगी उडते. टायरमधली हवा ठरलेल्या आकड्यावर आणायची. ब्रेकच्या डिस्कवर गंज चढू नये म्हणून काही लावलेलं असलं तर ते पुसून काढायचं. इंजिन ऑइल, ब्रेक ऑइलची पातळी बघायची. चेन दोन बोटांनी वरखाली करून किती खेळते ते मोजायचं. चाकाचे आणि हँडलचे नट-बोल्ट टॉर्क रेंचने आवळायचे. आणि शेवटी एका छापील यादीवर प्रत्येक ओळीपुढे बरोबरची खूण करून खाली सही करायची.

ती यादीच आज आपल्या चिंतनाचा विषय आहे. कारण ती दोन प्रकारे भरता येते. गाडीपाशी उकिडवं बसून अर्धा-पाऊण तास किंवा जास्त वेळ देऊन, नाहीतर टेबलाशी बसून दीड मिनिटात. दोन्ही याद्या दिसायला अगदी सारख्याच दिसतात.

श्लोकांचा क्रम आपण उलटा घेऊ, म्हणजे शेवटी सात्त्विकाशी थांबता येईल.

पंचविसाव्या श्लोकात तामस कर्माची ओळख सांगितली आहे. चार गोष्टींकडे न बघता, नुसत्या मोहाने सुरू केलेलं काम ते तामस. त्या चार गोष्टी म्हणजे अनुबंध, क्षय, हिंसा आणि पौरुष. 'तामस' म्हटलं की आपल्याला आळशी, झोपाळू माणूस आठवतो. पण इथे भगवंत आळसाचं नावही घेत नाहीत. खूप काम उरकणारा, धावपळ करणारा माणूससुद्धा या चार गोष्टी विसरला तर त्याचं कर्म तामस ठरतं.

अनुबंध म्हणजे मागून येणारा परिणाम. हँडलपाशी ॲक्सिलरेटरची केबल चुकीच्या बाजूने ओढली गेली तर गाडी सरळ उभी असताना काहीच कळत नाही. इंजिन छान चालतं. पण हँडल पूर्ण वळवलं की केबल ताणली जाते आणि इंजिन आपोआप रेस होतं. म्हणजे गल्लीत गाडी वळवताना, बरोबर नको त्या क्षणी, गाडी पुढे झेपावते. हे तपासायला काय लागतं? इंजिन चालू ठेवून हँडल एकदा पूर्ण डावीकडे, एकदा पूर्ण उजवीकडे वळवायचं आणि कान द्यायचा. दहा सेकंदांचं काम. ज्याला अनुबंध दिसतो तो ते दहा सेकंद सोडत नाही.

क्षय म्हणजे नुकसान. अर्धवट चार्ज झालेली बॅटरी तशीच बसवली तर गाडी त्या दिवशी सुरू होते. पण बॅटरीचं आयुष्य आतून कमी झालेलं असतं. ज्याचं नुकसान झालं त्याला ते कुठे झालं हेही कधी समजत नाही.

हिंसा. हा शब्द इथे बघून पहिल्यांदा आश्चर्य वाटतं. कुणाला मारायचं आहे म्हणून कुणी नट ढिला ठेवत नाही. पण इथे भगवंत हेतू विचारत नाहीत, तुम्ही तिकडे पाहिलंत का एवढंच विचारतात. केंद्रीय मोटार वाहन नियमांतला १२३ वा नियम मागे बसणाऱ्यासाठी आहे. हाताला धरायला काहीतरी पक्कं हवं, पाय ठेवायला जागा हवी, आणि कपडे अडकू नयेत म्हणून मागच्या चाकाचा निदान निम्मा भाग झाकलेला हवा. आपण ज्याला साडी गार्ड म्हणतो ते यातलंच. साडी गार्डचा बोल्ट आवळणाऱ्या माणसाला मागे बसणारी बाई कधीच दिसणार नसते. तिचा पदर कुठे जाईल याचा विचार त्याने आज, ती समोर नसताना करायचा असतो. अहिंसा इतकी बारीक असते.

पौरुष म्हणजे आपली कुवत. एका माणसाच्या हातून दिवसाला किती गाड्या नीट होतील याला माप आहे. पाडव्याला आणि दसऱ्याला ते माप पाळणं कठीण जातं. आणि इथे एकट्या मेकॅनिकला दोष देऊन चालणार नाही. त्याच्यावर गाड्या लादणारा मालक असतो, आणि पुढे काउंटरपाशी घड्याळ दाखवत उभे असलेले आपण असतो. तामस कर्म पुष्कळदा असं वाटून केलेलं असतं.

आता राजस. चोविसावा श्लोक म्हणतो, फळाच्या इच्छेने किंवा अहंकाराने, फार आटापिटा करून केलेलं काम राजस. शेडमध्ये हा माणूसही भेटतो. पान्याला पाइप लावून, सगळा जोर काढून बोल्ट आवळतो आणि म्हणतो, "आता बघू कोण ढिला करतो!" पण ॲल्युमिनियममधले आटे अशाने घसरतात, आणि बोल्ट कायमचा बाद होतो. चेनचंही तसंच. ढिली राहिली तर उतरते हे सगळ्यांना माहीत असतं, म्हणून काही जण ती ताठ करून ठेवतात. पण दोघं जण बसले आणि गाडी खड्ड्यात आदळली की मागचं चाक वरखाली होतं आणि चेन आणखी ताणली जाते. तिला खेळायला जागाच नसेल तर तो ताण गिअरबॉक्सच्या बेअरिंगवर जातो. म्हणून तर कंपनी ती किती मिलिमीटर खेळावी हे पुस्तकात छापते. त्याहून कमी नको आणि जास्तही नको. जास्त जोर म्हणजे जास्त निष्ठा, हा राजस माणसाचा गैरसमज आहे. भक्तीतही तो होतो.

या जागी मला मामेभावाच्या गाडीची गोष्ट सांगावीशी वाटते. पहिल्या पगारातून साठवून घेतलेली गाडी, दसऱ्याचा दिवस. कुणीतरी व्हॉट्सॲपवर सव्वाअकराची वेळ शुभ म्हणून पाठवलेली. मामी ताम्हण, नारळ, आपट्याची पानं घेऊन तयार. गाडी पुढे येईना. सेल्सचा मुलगा आत जाऊन घाई करून आला. शेवटी मेकॅनिक स्वतःच बाहेर आला आणि हात पुसत म्हणाला, "हँडल डावीकडं वळवलं की रेस वाढतीये. केबल परत ओवायला लागंल. वीस मिनिटं द्या." सव्वाअकराला आठ मिनिटं राहिली होती. भावाचा चेहरा उतरला. कुणीतरी म्हणालं, "पूजेपुरती तरी द्या, मग परत आत घ्या."

मामी म्हणाली, "त्यांना करू द्या. आज दसरा आहे, दिवसभर मुहूर्तच आहे."

खरंच आहे ते. दसरा साडेतीन मुहूर्तांपैकी एक पूर्ण मुहूर्त. त्या दिवशी वेळ बघावी लागत नाही, असं आपल्या आज्या-पणज्या सांगत आल्या. गाडी पाऊण तासाने आली. मामीने आधी सोनं दिलं ते त्या मेकॅनिकला. "हात काळे आहेत, काकू," तो म्हणाला. तिने पान त्याच्या शर्टाच्या खिशात घातलं आणि मग गाडीकडे वळली.

आता तेविसावा श्लोक. सात्त्विक कर्म कसं असतं? नेमून दिलेलं, संग न धरता केलेलं, आवड-नावड न ठेवता केलेलं, आणि फळ न मागता केलेलं.

नेमून दिलेलं, म्हणजे इथे पुस्तकात लिहिलं आहे तसं. 'मला अंदाज आहे' हे वाक्य बाजूला ठेवून टॉर्क रेंच हातात घेणं. ठरलेल्या जोरापर्यंत बोल्ट आवळला की टॉर्क रेंच 'टक्' करतो, आणि तिथे हात थांबवायचा. माझा जोर किती हे दाखवायची ती जागाच नाही.

आवड-नावड न ठेवता, म्हणजे तीन लाखांच्या गाडीला जेवढं लक्ष, तेवढंच दूधवाल्याच्या शंभर सीसीच्या गाडीला. रस्ता दोघांना सारखाच आहे.

संग न धरता, हे मला टॉर्क रेंचनेच नीट शिकवलं. काम संपलं की जाणकार मेकॅनिक त्याचा आकडा अगदी खाली आणून मग तो पेटीत ठेवतो. आतली स्प्रिंग दाबलेलीच राहिली तर काही काळाने ती चुकीचं माप दाखवू लागते. आदल्या कामाचा ताण घेऊन पुढच्या कामाला बसलेल्या मनाचं असंच होतं. खंडेनवमीला आपण हत्यारांची पूजा करतो, तेव्हा हा गुण त्यांच्याकडून मागून घ्यावा.

आणि फळ न मागता. नीट आवळलेल्या बोल्टचं फळ कुणालाही दिसत नाही. जो अपघात झालाच नाही, त्याबद्दल आभार मानायला कुणी शेडमध्ये येत नाही. गाडी पंधरा वर्षं चालते, विकली जाते, दुसऱ्याच्या घरी जाते, आणि पहिल्या दिवशी हँडल वळवून कान देणारा माणूस कुणाला आठवतही नाही. निष्काम कर्म म्हणजे हिमालयातली काहीतरी गोष्ट, असं आपण समजतो. ते आपल्या गावातल्या शोरूमच्या मागे रोज होत असतं.

कुणी म्हणेल, ही तर नुसती कामातली शिस्त झाली, यात देव कुठे आला? प्रश्न रास्त आहे. पण शिस्त पाळली जाते ती बघणारा असेल तिथवर. शेडमध्ये प्रत्येक बोल्टपाशी तपासनीस उभा करता येत नाही. मग जो बघतो तो कोण? त्याच अध्यायात पुढे, ४६ व्या श्लोकात भगवंत सांगतात की ज्याच्यापासून सगळं निर्माण झालं आणि ज्याने हे सगळं व्यापलं आहे, त्याची पूजा आपल्या कर्माने करावी. ज्ञानेश्वर माउली तर तिथे कर्माला फुलं म्हणतात. तो सगळीकडे आहे, तर मागे बसणाऱ्या त्या अनोळखी बाईतही आहे. तिच्यासाठी आवळलेला बोल्ट त्याच्या पायापाशी पोचतो. आपण हळदी-कुंकू वाहतो, चाकाखाली लिंबू ठेवतो, ते सगळं चांगलंच आहे. पण त्या गाडीची पहिली पूजा आपल्या आधी होऊन गेलेली असते.

आमच्या सॉफ्टवेअरच्या धंद्यातही रिलीजच्या आधी अशीच यादी असते. तुमच्या कामातही असेल. नर्सताईंचा तक्ता, शिक्षकांचं हजेरीपत्रक, पंपावरची नोंदवही. खूण करणं सगळीकडे सोपं असतं. ती खूण म्हणजे 'मी हे पाहिलं' अशी भगवंतासमोर दिलेली साक्ष आहे, एवढं धरून चाललं तरी हात आपोआप सावकाश होतो.

आजची साधना : दिवसभरात जिथे जिथे सही किंवा खूण कराल, तिथे त्याआधी एक श्वास थांबा आणि चार शब्द आठवा. याचा परिणाम काय, यात नुकसान कुणाचं, इजा कुणाला होऊ शकते, आणि हे नीट करायला माझ्यात आत्ता ताकद आहे का? नसेल तर वेळ मागून घ्या. आणि येत्या पाडव्याला घरी नवी गाडी येणार असेल, तर मागे काम करणाऱ्या माणसाला "किती वेळ?" असं विचारू नका. "सावकाश होऊ द्या," एवढंच सांगा.

राम कृष्ण हरी.