एकच, पण कुणाच्या हद्दीत?

मुलाखतीत डिझाइन पॅटर्न विचारले की बहुतेक प्रोग्रॅमर सिंगलटनपासूनच सुरुवात करतात. एरिक गामा आणि त्यांच्या तिघा सहकाऱ्यांच्या १९९४च्या पुस्तकातल्या २३ पॅटर्नपैकी हा चटकन पाठ होणारा. कन्स्ट्रक्टर प्रायव्हेट करायचा, एक स्टॅटिक व्हेरिएबल ठेवायचं आणि जो मागेल त्याच्या हाती तोच ऑब्जेक्ट द्यायचा. पुढे २००९ मध्ये खुद्द गामांनीच, यादी नव्याने केली तर सिंगलटन गाळावा, असं मत दिलं.

मी इतक्या टोकाला जाणार नाही. वेब सर्व्हिसमध्ये सिंगलटन टाळू म्हटलं तरी टळत नाही. जावाच्या सर्व्हलेटचा कंटेनर साधारणपणे एकच ऑब्जेक्ट बनवतो आणि सगळ्या रिक्वेस्ट वेगवेगळ्या थ्रेडवरून त्याच्याच अंगावर सोडतो. स्प्रिंगचं बीनही, वेगळं काही सांगितलं नाही तर, सिंगलटनच. अशा क्लासमध्ये कुणी 'चालू ग्राहक' नावाचं फील्ड ठेवलं की संपलंच. एका थ्रेडने त्यात पहिल्या ग्राहकाचा खाते क्रमांक भरला, पुढची ओळ चालायच्या आत दुसऱ्या थ्रेडने दुसऱ्याचा भरला. पहिल्याच्या स्क्रीनवर दुसऱ्याची शिल्लक. डेव्हलपरच्या लॅपटॉपवर हे सहसा दिसत नाही, कारण तिथे ग्राहक तो एकटाच. मग घाईघाईने सिंक्रोनाइज्ड लावलं जातं. गोंधळ थांबतो, पण सगळ्या रिक्वेस्ट एका रांगेत उभ्या राहतात.

ऑब्जेक्ट एकदाच कसा तयार होईल, यावर आपण प्रचंड डोकं चालवलं: डबल-चेक्ड लॉकिंग, व्होलाटाइल, एनम. तो किती ठिकाणी तयार होतो, हे विचारायचं मात्र राहून गेलं.

सिंगलटनची सत्ता फार तर एका प्रोसेसपुरती. पीएचपीच्या नेहमीच्या मांडणीत रिक्वेस्ट संपली की तोही संपतो. कुबरनेटीसवर सर्व्हिसच्या बारा प्रती उभ्या केल्या, की 'एकमेव' ऑब्जेक्टही बारा होतात. डेटाबेस याचा हिशेब लगेच मागतो. हिकारीसीपीचा कनेक्शन पूल, सेटिंग बदललं नाही तर, १० कनेक्शन धरतो. पोस्टग्रेसची मूळ मर्यादा साधारण १००. बारा प्रतींची होतात १२०. सेलच्या दिवशी गर्दी वाढली म्हणून प्रती वाढवाव्यात, आणि नेमकं तेव्हाच लॉगमध्ये 'सॉरी, टू मेनी क्लायंट्स ऑलरेडी' उमटावं!

पावती क्रमांकाचा काउंटर सिंगलटनमध्ये ठेवणं तर त्याहून वाईट. दोन प्रती दोन ग्राहकांना एकाच क्रमांकाची पावती देतात, आणि सर्व्हर रीस्टार्ट झाला की मोजणी पुन्हा एकपासून. हे काम डेटाबेसच्या सीक्वेन्सचं आणि युनिक कन्स्ट्रेंटचं. तिथे सगळ्या प्रती एकाच दाराशी येतात.

सिंगलटन कशासाठी ठेवावा? एचटीटीपी क्लायंट, कनेक्शन पूल, एकदा वाचून न बदलणारं कॉन्फिगरेशन यांच्यासाठी खुशाल. फक्त तो कोडमध्ये कुठूनही हाक मारून मागवू नये. सर्व्हिस सुरू होताना एकदा बनवावा आणि कन्स्ट्रक्टरमधून हाती द्यावा, म्हणजे टेस्टमध्ये त्याच्या जागी नकली ऑब्जेक्ट बसवता येतो.

तुमच्या सर्व्हिसमध्ये असा एखादा 'एकमेव' असेल, तर आजच तिच्या दोन प्रती ८०८० आणि ८०८१ या पोर्टवर चालवा आणि दोन्हीकडून एकेक पावती काढून बघा.