ज्येष्ठतेचा हक्क

पंगतीला आधी येणारा आधी बसतो आणि मागाहून येणारा दुसऱ्या पंगतीची वाट पाहतो, यात कोणास अन्याय वाटत नाही. दोघांनाही जेवावयास मिळणार अशी खात्री असते, म्हणून तो क्रम निरुपद्रवी ठरतो. पण यजमानाच्या घरी मध्येच तांदूळ संपल्याचे कळले, तर त्याच क्रमाचा अर्थ क्षणात पालटतो. आधी कोणी जेवावे हा प्रश्न मागे पडतो आणि उपाशी कोणी परतावे हा पुढे येतो. पहिल्या प्रश्नाचे उत्तर ज्या नियमाने दिले, त्याच नियमाने दुसऱ्याचेही द्यावे काय, एवढाच या लेखाचा विषय आहे.

हा प्रश्न चालू शतकाच्या आरंभापासून अमेरिकेतील विमान कंपन्यांच्या नोकरवर्गापुढे फार उघड्या स्वरूपात उभा राहिला. 11 सप्टेंबर 2001 नंतर प्रवासी रोडावले. डिसेंबर 2002 मध्ये युनायटेड दिवाळखोरीच्या न्यायालयात गेली. 14 सप्टेंबर 2005 रोजी डेल्टा आणि नॉर्थवेस्ट या दोन बड्या कंपन्या एकाच दिवशी त्याच दाराशी जाऊन उभ्या राहिल्या. हजारो माणसे घरी बसविली गेली, आणि ती बसविताना नियम बहुधा एकच होता: जो शेवटी आला तो प्रथम जाईल.

सेवाज्येष्ठता म्हणजे काय हे कचेरीत काम केलेल्या वाचकास सांगावयास नको. परंतु विमानाच्या धंद्यात तिचे प्रस्थ कचेरीहून पुष्कळच मोठे आहे. रेल्वे कामगारांसाठी अमेरिकेत 1926 मध्ये झालेला कायदा 1936 मध्ये विमान कंपन्यांस लागू करण्यात आला, आणि रेल्वेत रुजलेली ज्येष्ठतेची रीतही या नव्या धंद्यात चांगलीच मुरली. नोकरीस लागताच वैमानिकास किंवा विमानसेविकेस यादीत एक क्रमांक मिळतो. कोणत्या शहरातून उड्डाणे करावयाची, कोणते विमान वाट्यास यावयाचे, नाताळ मुलाबाळांत घालवावयाचा की परमुलखातील एखाद्या हॉटेलात, सहवैमानिकाचा मुख्य वैमानिक केव्हा व्हावयाचे, हे सारे तो क्रमांक ठरवितो. वरचा माणूस निवृत्त झाला की खालचे सगळे एकेक पायरी चढतात. मात्र कंपनी बदलली की वीस वर्षांचा मुरलेला वैमानिकदेखील नव्या यादीत शेवटच्या पायरीवर जाऊन बसतो. ही मिळकत जुन्या वतनासारखी आहे. ती विकता येत नाही, गहाण टाकता येत नाही, आणि गाव सोडले की तिची किंमत शून्य. ज्याच्यापाशी ती अधिक, तोच आपल्या कंपनीच्या बऱ्यावाइटाशी अधिक जखडलेला.

या नियमाची टिंगल करणे सोपे आहे. वर्षे मोजावयास बुद्धी लागत नाही, आणि खुर्चीला चिकटून राहिल्याने माणूस शहाणा होतो असा कोणाचाच अनुभव नाही. मनूने वडील भावास मिळकतीचा विसावा हिस्सा अधिक देऊ केला, मधल्यास त्याच्या निम्मा आणि धाकट्यास त्याच्या चौथाई; आज आपण ते वाचून हसतो, कारण आधी जन्मास येण्यात कर्तबगारी ती कोणती? परंतु सेवाज्येष्ठतेचा कोणताही समंजस कैवारी तिचे समर्थन कर्तबगारीच्या आधारे करीत नाही. तो म्हणतो की, हा नियम चालविण्यास साहेबाची मर्जी लागत नाही. कपातीच्या वेळी 'जो कमी लायक तो जाईल' असे ठरविले, तर लायकी मोजावयाची कोणी? ज्याने मागील वर्षी गाऱ्हाणे मांडले, ज्याने जादा तास नाकारले, ज्याला साहेबाच्या मेव्हण्यासाठी जागा करून द्यावयाची आहे, त्याची लायकी नेमकी याच वेळी घसरलेली आढळते. वर्षांची मोजणी आंधळी असते खरी, पण हातात काठी असलेल्या डोळस माणसापेक्षा गरिबाला पुष्कळदा आंधळा पुरवतो.

या नियमाला दुसराही एक आधार आहे, आणि मला तो अधिक वजनदार वाटतो. नोकरीची पहिली वर्षे माणूस हलक्या पगारावर, अवेळीच्या पाळ्यांत, सणासुदीला घर सोडून काढतो, ती पुढे बरे दिवस येतील या भरवशावर. तारुण्याची ती जणू ठेवच असते. ऐन पन्नाशीत, ठेव फळास येण्याच्या वेळी, 'आता सर्वांनी समान होऊ या' असे म्हणणे म्हणजे ठेवीदारास त्याच्या बुडालेल्या पेढीपुढे समतेचे व्याख्यान ऐकविण्यासारखे आहे.

इतका भक्कम दिसणारा हा नियम प्रत्यक्षात किती पोकळ निघू शकतो, हे पाहावयाचे असल्यास ट्रान्स वर्ल्ड एअरलाइन्स या एकाच कंपनीतील विमानसेविकांचा इतिहास पुरेसा आहे. एके काळी या कंपनीचा दंडक असा होता की, सेविका आई झाली की तिने विमानातून उतरावे; पुरुष सेवक बाप झाला तर मात्र खुशाल उडत राहावे. 1970 मध्ये या दंडकाविरुद्ध दावा लागला. पुढे कंपनी तडजोडीस आली, पण काढलेल्या स्त्रियांना परत घेताना त्यांची मधली वर्षे जमेस धरावीत की नाही यावर तंटा झाला, आणि विरोध केला तो सेविकांच्याच संघटनेने. तिचे म्हणणे असे की, या परतून वर जाऊन बसल्या, तर ज्यांनी कसलाच अपराध केला नाही त्या मधल्या मुली खाली घसरतील. 1982 मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने त्या मातांना त्यांची ज्येष्ठता मागील तारखेपासून देणे योग्य ठरविले. या निकालाने एक गोष्ट उजेडात आणली. यादीतील क्रमांक निव्वळ काळाचा वाटतो. पण रांगेत उभे कोणास राहू दिले आणि कोणास हुसकून लावले, हेही त्या क्रमांकात मुकाट्याने दडलेले असते. आंधळ्या मोजणीआधी कोणा डोळसाने दाराशी निवड केलेली असते.

पुढे चारच वर्षांनी, मार्च 1986 मध्ये, कंपनीने मागितलेल्या मोठ्या वेतनकपातीविरुद्ध याच सेविकांनी संप केला. तो 72 दिवस चालला आणि मोडला. कंपनीने दरम्यान नवी माणसे घेतली होती, आणि कित्येक जुन्या सेविका संप सोडून कामावर गेल्या होत्या. अखेरपर्यंत टिकलेल्या सुमारे 5,000 जणींपैकी आरंभी परत घेतल्या गेल्या त्या केवळ 197. ज्येष्ठ संपकरी स्त्रीला जागा देण्यासाठी संप सोडून आलेल्या कनिष्ठ स्त्रीला हलविण्याचे बंधन कंपनीवर नाही, असा निकाल 1989 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दिला. शब्द पाळणारी बाहेर आणि शब्द मोडणारी आत, असा हा हिशेब झाला. जी आत गेली तिला मी सरसकट दोष देणार नाही. 72 दिवस घरात पगार न येणे म्हणजे काय, हे ज्याचे त्यालाच ठाऊक. पण ज्येष्ठता ही संघटनेच्या एकजुटीवर उभी आहे आणि तीच एकजूट मोडल्याचे बक्षीस म्हणून ती वाटली जाऊ शकते, हे त्या दिवशी कळून चुकले.

तिसरा प्रसंग सर्वांत कठोर. जानेवारी 2001 मध्ये ही कंपनी तिसऱ्यांदा दिवाळखोरीत गेली आणि एप्रिलमध्ये अमेरिकन एअरलाइन्सने ती विकत घेतली. दोन याद्यांची एक यादी करावयाची होती. अमेरिकनच्या सेविकांच्या संघटनेने नवागत सेविकांना, त्यांत वीस-तीस वर्षे उडालेल्याही होत्या, आपल्या यादीच्या तळाशी, सर्वांत धाकट्या मुलीच्याही खाली, जोडून टाकले. मग सप्टेंबर आला, कपात सुरू झाली, आणि ती सुरू झाली अर्थातच तळापासून. 2003 च्या मध्यापर्यंत या जुन्या कंपनीतून आलेल्या सर्व सेविका घरी बसल्या होत्या. नियमाचा एकही शब्द मोडला नव्हता.

अमेरिकनच्या सेविकांची बाजू उडवून लावण्यासारखी नाही. त्या म्हणतील: तुमची कंपनी बुडाली होती, आमच्या कंपनीने घेतली नसती, तर तुमच्या तीस वर्षांची किंमत तशीही शून्यच झाली असती. तुमच्या मालकांच्या चुकांपायी आमच्या मुलींनी का घरी बसावे? यावर मी पुष्कळ विचार केला. मला असे वाटते की, हे उत्तर बढतीपुरते खरे आहे. नव्या घरात आलेल्याने वरच्या पाटावर हक्क सांगू नये, चांगल्या मार्गांची आणि सुट्ट्यांची निवड जुन्या मंडळींना आधी मिळावी, हे कोणीही कबूल करील. पण पंगतीत बसण्याचा क्रम आणि घराबाहेर काढण्याचा क्रम एकच असला पाहिजे, असे त्यातून निघत नाही. एका ठिकाणी अधिक सुखाची वाटणी आहे, दुसऱ्या ठिकाणी निर्वाहाची. आणि एकाच क्रमांकाने दोन्ही वाटण्या कराव्यात, हे सोयीचे असले तरी स्वयंसिद्ध नव्हे. पन्नाशीची स्त्री नव्या धंद्यात पुन्हा पहिल्या पायरीवर कशी उभी राहील, हा प्रश्न ज्येष्ठतेच्या कैवाऱ्यांनी स्वतःच शिकविलेला होता. तो शेजारणीच्या बाबतीत त्यांना आठवला नाही.

मग चिठ्ठ्या टाकाव्यात काय? 1841 मध्ये 'विल्यम ब्राउन' हे जहाज हिमनगावर आदळून बुडाले, तेव्हा भरलेल्या होडीतून खलाशांनी काही उतारूंना समुद्रात लोटले. पुढील वर्षी फिलाडेल्फियात होम्स नावाच्या खलाशावर खटला चालला, तेव्हा न्यायाधीशाने सांगितले की, नाव चालविण्यास जरूर तेवढे सोडून बाकीच्या खलाशांनी आधी जावयास हवे होते, आणि समान स्थितीतील माणसांत चिठ्ठी हाच योग्य मार्ग होता. चिठ्ठीत समतेचा मान आहे, हे मी नाकारीत नाही. पण होडीतील माणसे एका रात्रीपुरती एकत्र आलेली असतात. नोकरीतील माणसांनी एका नियमावर विसंबून लग्ने केलेली, कर्जे काढलेली, घरे बांधलेली असतात. त्यांच्यापुढे एकाएकी चिठ्ठ्यांचे भांडे आणणे हाही एक विश्वासघातच.

त्या न्यायाधीशाच्या बोलण्याचा पूर्वार्ध मात्र येथे फारच उपयोगी आहे: खलाशांनी आधी. एप्रिल 2003 मध्ये अमेरिकन एअरलाइन्सच्या तीन संघटनांनी दिवाळखोरी टाळण्यासाठी वर्षाला 162 कोटी डॉलरच्या सवलती दिल्या. सेविकांच्या मतदानात प्रथम नकार आला. मुदत एका दिवसाने वाढविली, तेव्हा होकार निघाला. आणि त्याच सुमारास उघडकीस आले की, वरिष्ठ अधिकाऱ्यांनी कंपनी सोडू नये म्हणून त्यांना खास रकमा कबूल केल्या होत्या, आणि दिवाळखोरी आली तरी धक्का लागू नये अशा वेगळ्या ठेवीत त्यांच्या निवृत्तिवेतनाची तजवीज आधीच झाली होती. गहजब उडाला, त्या खास रकमा रद्द झाल्या, प्रमुखाने क्षमा मागितली आणि 24 एप्रिलला राजीनामा दिला. आपल्याकडे याला पंक्तिप्रपंच म्हणतात. एकाच पंगतीत कोणाला कोरडा भात आणि कोणाला तुपाची धार. अन्न थोडे असल्याचे दुःख माणूस सोसतो. वाढप्याने स्वतःचे ताट झाकून ठेवले होते, हे त्याला सोसत नाही.

सवलतींचा आणि ज्येष्ठतेचा संबंध पुष्कळांच्या लक्षात येत नाही. कंपनीला खर्च कमी करावयाचा असतो. तो सर्वांचे वेतन थोडे कापून करता येतो, किंवा थोड्यांचे सर्व वेतन कापून. संघटनेत बहुमत सुरक्षित क्रमांकांचे असेल, तर दुसरा मार्ग त्यांना स्वस्त पडतो. मत देणारा हात आणि जाणारी नोकरी ही वेगवेगळ्या माणसांची असतात. म्हणूनच सप्टेंबर 2020 मध्ये, महामारीने विमाने जमिनीवर बसविली असता, युनायटेडच्या वैमानिकांनी जे केले ते मला लक्षणीय वाटते. सर्वांनी कमी तास आणि कमी वेतन घ्यावे, म्हणजे सुमारे 3,900 कनिष्ठांची कपात टळेल, असा करार त्यांच्यापुढे आला आणि सुमारे 58 टक्के मतांनी तो मंजूर झाला. उरलेल्या 42 टक्क्यांना मी स्वार्थी म्हणण्याची घाई करणार नाही. याच युनायटेडमधील वैमानिकांनी 1994 मध्ये वेतनात सूट देऊन बदल्यात कंपनीचे भाग घेतले होते, आणि 2002 च्या दिवाळखोरीनंतर त्या भागांची रद्दी झाली. 2005 मध्ये कंपनीची निवृत्तिवेतनाची जबाबदारी सरकारी विमा मंडळाच्या गळ्यात पडली. तिकडे अमेरिकन एअरलाइन्स इतक्या सवलती घेऊनही नोव्हेंबर 2011 मध्ये दिवाळखोरीत गेलीच. एकदा पोळलेला माणूस दुसऱ्या वेळी ताक फुंकून पिऊ लागला, तर ते अनुदारपणाचे लक्षण मानता येत नाही. कनिष्ठांसाठी सोडलेला घास कनिष्ठांच्याच ताटात पडेल याची हमी करारात असली पाहिजे. युनायटेडच्या त्या करारात नोकऱ्यांची संख्या लिहिलेली होती.

आपल्या देशातही 1947 च्या औद्योगिक विवाद कायद्यात 1953 मध्ये 'शेवटी आला तो आधी जाईल' हे तत्त्व घातले गेले, मात्र कारणे लेखी नोंदवून त्याला अपवाद करण्याची मुभा ठेवून. मुंबईकरांना ऑक्टोबर 2008 आठवत असेल. जेट एअरवेजने सुमारे 1,900 जणांना कमी करण्याचे ठरविले, गणवेशातील मुले-मुली रस्त्यावर उतरली, राजकीय पक्ष मध्ये पडले आणि कंपनीने आपला निर्णय फिरविला. ज्यांच्यापाशी ज्येष्ठता नव्हती त्यांना त्या दिवशी गवगव्याने वाचविले. 2019 च्या एप्रिलमध्ये ती कंपनी बंदच पडली, तेव्हा यादीतील पहिला आणि शेवटचा सारखेच रस्त्यावर आले.

ट्रान्स वर्ल्डच्या सेविकांचे गाऱ्हाणे अखेरीस त्यांच्या मिसूरी राज्याच्या दोन सिनेटरांनी, मॅकॅस्किल आणि बॉन्ड यांनी, हाती घेतले. डिसेंबर 2007 मध्ये कायदा झाला की, दोन विमान कंपन्या एक होताना ज्येष्ठतेच्या याद्या 'न्याय्य व समदर्शी' रीतीने एकत्र केल्या पाहिजेत आणि एकमत न झाल्यास लवादाकडे गेले पाहिजे. न्याय्य म्हणजे काय, हे कायद्याने सांगितले नाही. ते प्रत्येक वेळी लवादाने शोधावयाचे आहे. आणि तो लागू झाला तो पुढील विलीनीकरणांना. ज्यांच्यामुळे तो करावा लागला, त्यांची यादी 2001 मध्येच बंद झाली होती.