दान की बळी?

औषधाच्या चाचणीत भाग घ्यायचा म्हटलं की आपल्याकडे पहिला शब्द येतो तो ‘गिनिपिग’. ही भीती अज्ञानातून येते, असं म्हणून अनेक जाणकार मोकळे होतात. मला ते पटत नाही; या भीतीमागे अनुभव आहे. 10 जानेवारी 1897 रोजी मुंबईत शास्त्रज्ञ हाफकिन यांनी आपली प्लेगची लस आधी स्वतःला टोचून घेतली, मग भायखळ्याच्या तुरुंगात स्वेच्छेने पुढे आलेल्या कैद्यांना दिली. पण गजाआडच्या माणसाची स्वेच्छा कितपत मोकळी? पुराणातल्या दधीची ऋषींनी देवांना आपल्या अस्थी दिल्या त्या कोण मागतंय, कशासाठी आणि किंमत काय, हे जाणून. म्हणून ते दान. हे ठाऊक नसेल किंवा ‘नाही’ म्हणायची सोयच नसेल, तर तो बळी. 2009मध्ये आंध्रात आदिवासी मुलींना गर्भाशयमुखाच्या कर्करोगावरची एचपीव्ही लस देताना कित्येक संमतिपत्रांवर वसतिगृहाच्या वॉर्डनच्या सह्या होत्या. तिथे भीती हेच शहाणपण ठरलं.

प्रत्येकाला एवढं समजावत बसलो तर चाचण्याच थांबतील, असा आक्षेप येईल. तो पोकळ नाही, कारण आपण गिळतो ती प्रत्येक गोळी कुणाच्या तरी शरीरातून पारखून आलेली असते. हे ऋणच आहे. पण ऋण सक्तीने वसूल करायचं नसतं, आणि सगळ्यांचं ऋण गरिबांनीच का फेडावं? शिकल्यासवरलेल्यांनीही पुढे यावं. संमतिपत्र मराठीत मागा, घरी नेऊन वाचा, सही केल्यावर प्रत घ्या. चाचणी कधीही सोडता येते.