चेहरा नसलेले चित्र

पूर्व फ्रान्समधील ले ब्रेझो हे एक लहानसे खेडे. तेथील अठराव्या शतकातल्या चर्चसाठी आल्फ्रेद मानेसिए (१९११-१९९३) या चित्रकाराने १९४८ ते १९५० या काळात रंगीत काचांच्या खिडक्या तयार केल्या. त्यांत संत नाहीत, देवदूत नाहीत. नुसते रंग आणि त्यांतून झिरपणारा उजेड. प्रिय भाविकहो, अशा खिडकीखाली गुडघे टेकून आपल्याला प्रार्थना करता येईल का?

मानेसिए उत्तर फ्रान्समधले. सोम नदीच्या मुखाशी ओहोटीनंतर दूरवर उघडी पडणारी ओली वाळू आणि तिच्यावर सरकणारा उजेड पाहत ते वाढले. पुढे त्यांच्या चित्रांतून होड्या गेल्या, किनारा गेला. उजेड तेवढा राहिला. तरुणपणी धर्माशी त्यांचे नाते सैलच होते. १९४३ साली, ऐन युद्धात, ते सोलिन्यी येथील ट्रॅपिस्ट मठात गेले. तेथील मठवासीयांची उपासना व गायन यांनी ते हलून गेले आणि श्रद्धेकडे परतले. १९४५ साली त्यांनी ‘साल्वे रेजिना’ हे चित्र रंगवले. पवित्र मरियेच्या स्तोत्राचे नाव, पण चित्रात मरियेची आकृती नाही.

येथे एक आक्षेप येतो आणि तो हलका नाही. ७८७ सालच्या नायसियाच्या दुसऱ्या धर्मपरिषदेने पवित्र प्रतिमांना मान्यता दिली. तिच्यामागचा मुख्य आधार हाच, की देवाच्या पुत्राने खरोखर देह धारण केला. त्याला चेहरा होता. मग चेहरा पुसून टाकणे म्हणजे देहधारणाच विसरणे नव्हे काय?

मला चित्रकलेतले फारसे कळत नाही. पण वेदीवरचा क्रूस जागेवर असताना खिडकीनेही तेच काम करावे, असा हट्ट का धरावा? ऑर्गन वाजतो तेव्हा त्या सुरांत कोण दिसते, असे आपण विचारत नाही. मेणबत्तीलाही विचारत नाही. अडचण येते ती मानेसिएंच्या दुःखसहनाच्या चित्रांपाशी. तेथे काटेरी मुकुट आहे, मस्तक नाही. मला अजूनही ते चित्र अपुरे वाटते. मात्र वडिलांच्या शेवटच्या रात्री मी जपमाळ हातात धरून बसलो होतो, तेव्हा एकही शब्द आठवत नव्हता आणि डोळ्यांपुढे प्रभूचा चेहराही येत नव्हता. ती प्रार्थना नव्हती, असे म्हणायला मन धजत नाही.

मानेसिएंचे बालपण गेलेल्या अबव्हिल शहरावर १९४० साली बॉम्ब पडले. तेथील पवित्र कबरीच्या चर्चसाठी त्यांनी १९८२ पासून दहाएक वर्षे खपून एकतीस खिडक्या केल्या. विषय प्रभूचे दुःखसहन आणि पुनरुत्थान. १९९३ साली काम पुरे झाले. त्याच वर्षी मोटार अपघातात ते जखमी झाले आणि १ ऑगस्टला वारले. बाहेर रस्त्यावरून पाहिले तर दिवसा त्या काचा काळपट दिसतात. रंग आत गेल्यावरच दिसतो.